गॅरेजातला मांडव

जयवंत दार ढकलून आत आले तेव्हा ओल्गाबाई माझ्या गालाला हळद लावत होत्या. हळद कशी लावतात हे त्यांना दाखवायला रिजायना शहरातून आलेल्या लिमयेवहिनी शेजारीच उभ्या होत्या. जयवंतांच्या मिशीवर बर्फ साचला होता. त्यांनी टोपी काढली, पायातले बूट तसेच ठेवले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले,

"हॉल गेला."

म्हणजे काय झालं ते पुढं हळूहळू कळलं. शाळा आणि तिला लागून असलेला गावाचा हॉल, दोन्हींना मिळून एकच बॉयलर होता. तो रात्रीतून बंद पडला. नळ्या गोठल्या, फुटल्या, आणि पाणी हॉलभर पसरून त्याची काच झाली. सकाळी सजावटीला गेलेले शाळेतले मास्तर दारातच घसरून पडले होते. चर्चमध्ये त्या दिवशी कुणाचा तरी अंत्यविधी होता. दुसऱ्या गावी जावं तर बर्फ उडून रस्ता बंद झालेला. आणि आमचं लग्न त्याच संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर होतं.

हे एकोणऐंशी सालचं. गाव कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातलं, आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढं. सगळीकडे गव्हाची शेतं, पण मी गेले तेव्हा गहू नव्हता, शेतं नव्हती, नुसतं पांढरं होतं. जयवंत नलवडे मूळचे करमाळ्याचे, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी ते भारतात आले होते तेव्हा बार्शीत आमचा साखरपुडा झाला. लग्न मात्र लागेना. त्यांच्या शाळेला सुट्टी मिळायची ती एक तर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, नाही तर नाताळात, म्हणजे पौषात. दोन्ही वेळा मुहूर्त नाही. शेवटी ठरलं की माघात नवरी तिकडे जाईल आणि लग्न तिकडेच लागेल.

माझे वडील, आप्पा बारबोले, बार्शीतले मांडववाले. आमच्याकडच्या पाच-पन्नास गावांतली लग्नं त्यांच्या मांडवाखाली लागली असतील. पण माघ-फाल्गुन म्हणजे ऐन लग्नसराई. लोकांना शब्द दिलेला. लोकांच्या मुलींचे मांडव उभे करायचे म्हणून त्यांना स्वतःच्या मुलीच्या लग्नाला येता आलं नाही. माझ्याबरोबर दामूमामा आले. मामा टपालखात्यातून निवृत्त झालेले. त्याआधी पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते. विमानातून उतरल्यापासून त्यांनी कानटोपीवर गांधीटोपी चढवली होती ती झोपतानासुद्धा काढली नाही.

आम्ही उतरलो होतो बोइचुक नवराबायकोच्या घरी. वरच्या मजल्यावर जयवंत भाडेकरू, खाली आम्ही. बोइचुक सत्तरीचे. पूर्वी त्यांची मोठी शेती होती. माणूस उंच, हातांचे पंजे फावड्यासारखे. बोलायचे कमी आणि बोलले की भांडल्यासारखे. ओल्गाबाई त्यांच्या अगदी उलट. मला इंग्रजी शाळेपुरतंच यायचं, त्यांचं इंग्रजीही त्यांच्या आजोळच्या युक्रेनी भाषेत बुडवून काढलेलं, त्यामुळे आमचं छान जमलं होतं.

जमलं नव्हतं ते जयवंतांशी. येऊन दहा-बारा दिवस झाले होते. रोज ते शाळेतून यायचे, दारात उभे राहायचे, आणि विचारायचे, "थंडी वाजत नाही ना?" मी नाही म्हणायची. मग ते वर निघून जायचे. साखरपुड्यात ज्या माणसाला मी पाहिलं होतं तो हाच का, असं मला वाटायला लागलं होतं. पत्रांत तर ते पानंच्या पानं लिहायचे. समोर आल्यावर एक वाक्य. मला वाटायचं, या देशात माणसंही गोठतात.

तर, हॉल गेला म्हटल्यावर स्वयंपाकघरात सगळे एकदम बोलायला लागले. लिमयेकाका, जे मंगलाष्टकं म्हणणार होते आणि एरवी विद्यापीठात गणित शिकवायचे, ते म्हणाले की मुहूर्त चुकला तर पुढचा बराच लांब आहे. कुणी म्हणालं घरातच लावू. पण साठ माणसं येणार होती. बोइचुकांच्या बैठकीत वीसही मावली नसती. जयवंत खिडकीशी उभे होते.

मामांनी मला खुणेनं बोलावलं. आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मंदे," ते म्हणाले, "देवानंच वाट काढून दिली बघ. काल तू मला म्हणालीस ना, मामा, मला घरी न्या. आता मुहूर्त चुकला, अपशकुन झाला म्हणायला जागा आहे. तुझ्याकडे बोट दाखवायचं नाही कुणी. तू नुसती मान हलव. बाकी मी बघतो."

काल संध्याकाळी मी तसं म्हणाले होते, हे खरं. रडत म्हणाले होते. आणि त्या सकाळी हॉल गेला हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला काही वाटलं असेल तर सुटका. पण मान हलवायची वेळ आली तेव्हा मान हलेना. मी म्हटलं, मामा, थोडं थांबा, मला जरा बाहेर वाऱ्यावर जाऊ द्या. मामा म्हणाले, वाऱ्यावर? बाहेर उणे पस्तीस आहे. तरी मी ओल्गाबाईंचा लोकरीचा कोट अंगात घातला आणि हळदीच्या तोंडानं मागच्या दारानं बाहेर पडले.

घराच्या मागं बोइचुकांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे मोटार ठेवायची खोली नव्हे. शेतीच्या दिवसांत ते त्यांचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टर, नांगर, मळणीयंत्र, सगळं तिथं दुरुस्त व्हायचं. आपल्या गावाकडच्या एखाद्या गिरणीएवढं मोठं आणि उंच. त्याचं दार किलकिलं होतं. मी आत गेले. पुढच्या मोठ्या दाराशी एक लाल ट्रॅक्टर उभा होता. भिंतीवर करवती, पाने, साखळ्या. आणि मधोमध तेलाच्या लोखंडी पिंपाची केलेली एक शेगडी, आडवी, चार पायांवर, तिच्या पाठीतून निघालेलं धुराडं सरळ छपराबाहेर गेलेलं.

मी वर पाहिलं आणि पहातच राहिले. उंच तुळया, एका सरळ ओळीत, मांडवाचे दोर टाकायला तयार असल्यासारख्या.

तेवढ्यात बोइचुक आत आले. मला बाहेर पडताना त्यांनी पाहिलं असावं. मी त्यांना विचारलं, इथं का नको? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला थंडीनं भ्रम झाला आहे.

"ही जागा तापवायची म्हणजे सगळा सस्काचेवान तापवायचा," ते म्हणाले. "मी इथं शेगडी लाल होईपर्यंत जाळली आहे. दोन हात लांब उभं राहिलं की कान गोठतात."

मी विचारलं, मग ती ऊब जाते कुठं? त्यांनी बोट वर केलं. छपराकडे.

मला हसू आलं. बार्शीला चैत्र-वैशाखात आप्पा मांडवाचं कापड जितकं उंच नेता येईल तितकं न्यायचे. गरम हवा वर गेली पाहिजे, खाली बसलेल्या माणसाला झळ लागता कामा नये. आणि मार्गशीर्षातलं लग्न असलं की तेच कापड खाली उतरवायचे, चारी बाजूंनी जाड कनाती सोडायचे, की शे-दोनशे माणसांच्या अंगाचीच ऊब आत राहायची. लहानपणापासून मी आप्पांच्या मागं दोर धरून उभी राहिलेली. मुलगी म्हणून शिडीवर चढायला कधी अडवलं नाही त्यांनी.

मी बोइचुकांना हातवारे करून सांगितलं. सगळं गॅरेज तापवायचंच नाही. गॅरेजाच्या पोटात एक छोटी खोली करायची, कापडाची. डोक्यावर हात पोचेल एवढंच छत. तेवढंच तापवायचं.

मग घराकडे तोंड करून त्यांनी ओल्गाबाईंना हाक मारली ती बहुधा पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली असेल.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला लग्नघर म्हणतात. ओल्गाबाई टेलिफोनला चिकटल्या. तासाभरात गॅरेजाच्या दारात गाड्या लागायला लागल्या. कुणी धान्याच्या ट्रकवर घालायची ताडपत्री आणली, कुणी घोड्यांवर टाकायची कांबळी. चर्चच्या बायकांनी हातानं शिवलेल्या गोधड्या आणल्या, एकीपेक्षा एक रंगीत. आपल्या वाकळीसारख्याच, तुकडे जोडून केलेल्या. त्या बघून लिमयेवहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. शाळेचा शिपाई शेतावरून गव्हाच्या काडाचे गठ्ठे घेऊन आला. ते भिंतीला लागून रचले की वाराही अडतो आणि बसायलाही होतात, ही कल्पना त्याचीच. शेगडीजवळ मात्र बोइचुकांनी कुणाला काडीसुद्धा आणू दिली नाही. तिच्या चहूबाजूंनी त्यांनी पत्रे उभे केले, ताडपत्रीला धग लागू नये म्हणून धुराड्याभोवतीही पत्रा गुंडाळला आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. बादल्यांतलं पाणी अधूनमधून ढवळावं लागत होतं, नाही तर त्याचा बर्फ होत होता.

शेगडी पहिल्यांदा पेटवली तेव्हा सगळा धूर आतच आला. आम्ही खोकत बाहेर पळालो. बोइचुक कुणी अडवायच्या आत छपरावर चढले, लांब काठीनं धुराडं खरवडलं, आणि वरून एक आख्खं पाखराचं घरटं खाली पडलं. रिकामंच होतं. मामांनी ते उचलून खिडकीत ठेवलं. शुभ असतं, म्हणाले. सकाळी याच मामांना अपशकुन दिसत होता.

ट्रॅक्टर बाहेर काढायचा होता, पण तो थंडीनं आखडला होता. चालूही होईना, ढकलून सरकेना. शेवटी बोइचुक म्हणाले, राहू द्या, तोही घरचाच आहे.

मी शिडी मागून घेतली. हळदीचं तोंड, अंगावर ओल्गाबाईंचा कोट, पायात बोइचुकांचे बूट. पहिला दोर तुळईवरून टाकला, ओढला, गाठ मारली, आणि त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला माझे हात माझे वाटले. तोवर मी कुणीतरी पाठवलेलं सामान होते. कुणी इकडे ठेवावं, कुणी तिकडे ठेवावं.

दुसऱ्या शिडीवर जयवंत होते. सकाळपासून ते न बोलता लाकडं फोडत होते, गठ्ठे उचलत होते. ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता म्हणून मीच त्यांना बोलावलं.

"हात वर," मी म्हटलं. "अजून वर. तसं नाही, कापडाला पोट सुटलंय. ताणा."

ते ताणत होते. मी गाठ मारली की ते पुढच्या तुळईला शिडी न्यायचे, मी सांगायच्या आधीच दोर हातात द्यायचे. दोन-तीन तुळया झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना हुकूम सोडते आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट एकदा दोर त्यांच्या टोपीत अडकला, टोपी खाली लिमयेकाकांच्या डोक्यावर पडली, आणि ते हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साखरपुड्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

खाली ठोकाठोक चालू होती. आम्ही दोघं वर, ताडपत्रीच्या वरच्या अंगाला, तुळयांच्या मध्ये. तिथं आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. त्यांनी दोर हातात घेतला पण मला दिला नाही.

"मंदाकिनी," ते म्हणाले, "तुम्हाला परत जायचं असेल तर मी स्वतः विमानतळावर पोचवीन. मामांना सांगेन की मीच नको म्हणालो. बार्शीलाही तसंच कळवीन. तुमच्यावर बोल येणार नाही."

मला वाटलं त्यांनी सकाळचं माझं आणि मामांचं बोलणं ऐकलं. पण तसं नव्हतं. ते म्हणाले की रोज दारात येऊन मी थंडीचं विचारतो, कारण दुसरं विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही आल्या दिवसापासून खिडकीशी बसून असता. मी या गावात पहिला हिवाळा काढला तेव्हा मीही असाच खिडकीशी बसायचो. त्या हिवाळ्यात मला कुणी विचारलं असतं, परत जातोस का, तर मी त्याच पावली गेलो असतो. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मी तुम्हाला विचारतोय.

एवढं सगळं ते एका दमात बोलले. पत्रांतला माणूस होता तो. तोच.

आणि मला कळलं की हा माणूस स्वतःवर बदनामी घ्यायला तयार आहे, आणि ते सांगताना त्यानं दोर मात्र सोडला नाही, कारण दोर सोडला असता तर खालच्यांच्या डोक्यावर ताडपत्री आली असती.

मी म्हटलं, "तो कोपरा सैल राहिलाय. आधी तो ओढा."

ते बघत राहिले.

"ओढा," मी म्हटलं. "दिवस इथं लवकर मावळतो. मुहूर्त चुकेल."

त्यांनी असा काही ओढला की तुळई कुरकुरली.

शिडीवरून उतरले तर खाली मामा उभे होते, सकाळच्या प्रश्नाचं उत्तर हवं असलेला चेहरा घेऊन. मी त्यांना म्हटलं, मामा, हळद वाळली, तोंड धुवायला गरम पाणी बघा. मामांनी एवढंच केलं, कानटोपी जराशी मागं सरकवली, आणि पाणी बघायला गेले.

दुपार कलली तशी आतली हवा बदलायला लागली. आधी तोंडातून निघणारी वाफ दिसेनाशी झाली. मग बायकांनी हातमोजे काढले. मग बोइचुकांनी मांडवाच्या मध्यावर उभं राहून आपली टोपी काढली आणि दोन्ही कान हातांनी चाचपून बघितले. कान शाबूत होते. तेव्हापासून ते जो येईल त्याला मांडवाच्या आत ओढून नेऊन उभं करायला लागले, जणू ऊब त्यांनी आजच शोधून काढली होती.

रंगीत गोधड्यांच्या कनाती, त्यांच्या वर नाताळातल्या छोट्या दिव्यांच्या माळा, खाली काडाचे गठ्ठे, आणि एका बाजूला कनातीतून अर्धं तोंड बाहेर काढून उभा असलेला लाल ट्रॅक्टर. त्याला कुणीतरी कागदी फुलांचा हार घातला होता.

गोरज म्हणजे गाई घरी परतताना धूळ उडते ती वेळ. त्या गावच्या गाई महिनाभर गोठ्यातून हलल्या नव्हत्या, आणि धुळीच्या जागी बर्फाची भुकटी उडत होती. लिमयेकाका म्हणाले, चालेल, सूर्य तोच आहे. दोन मास्तरांनी अंतरपाट धरला. आपल्या माणसांनी अक्षता टाकल्या त्या बघून गावकऱ्यांनीही टाकल्या. त्यांच्यात नवऱ्यानवरीवर तांदूळ टाकायची रीत होतीच, फक्त ती शेवटी. इथं प्रत्येक मंगलाष्टकाला टाकायच्या म्हटल्यावर त्यांना भलताच हुरूप आला. शेवटच्या 'सावधान'ला एवढ्या अक्षता आल्या की माझ्या केसांत आठवडाभर तांदूळ सापडत होते.

होमाचं खरं म्हणजे हॉलमध्ये जमणार नव्हतं. तिथं आग पेटवायला मनाई, म्हणून मेणबत्तीभोवती सप्तपदी घालायची असं ठरलं होतं. मला ते अजिबात आवडलं नव्हतं, पण बोलायचं कुणाकडे. आता लिमयेकाकांनी शेगडीकडे पाहिलं आणि बोइचुकांना विचारलं, हिचं दार उघडू का? बोइचुकांनी ते स्वतः उघडलं. आत ओंडक्यांचा लालभडक निखारा झाला होता. आमच्या लग्नातला अग्नी हाच.

लाह्या मामांनी बार्शीहून डब्यातून आणल्या होत्या. त्या नवरीच्या ओंजळीत घालायला तिचा भाऊ लागतो. माझा भाऊ नव्हता. लिमयेकाका इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात ओल्गाबाईंनी बोइचुकांना पुढं ढकललं. त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं की आता तुम्ही या मुलीचे भाऊ. त्यांनी हात पँटला पुसले आणि त्या फावड्यासारख्या पंजातून माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या, एकही खाली न सांडता. मी त्या शेगडीत टाकल्या. त्या तडतडल्या, आणि शेगडीभोवतीचे पत्रे बाजूला करून आम्ही तिच्याभोवती सात पावलं चाललो. तिची धग एका अंगाला एवढी लागत होती की जयवंतांनी माझ्या नकळत आपली जागा बदलली आणि आगीच्या बाजूला स्वतः झाले. लिमयेकाका म्हणाले, नवरीनं कुठल्या बाजूला असायचं हे शास्त्रात लिहिलं आहे. जयवंत म्हणाले, शास्त्रात ही शेगडी नाही.

मग कानपिळी. भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजवायचं, हे बोइचुकांना इतकं पटलं की त्यांनी विचारलं, एकच कान की दोन्ही? एकच, म्हणून सांगितलं. त्यांनी तो असा पिळला की जयवंत पायाच्या बोटांवर उभे राहिले. सगळं गॅरेज हसत होतं. बोइचुक मात्र हसत नव्हते. त्यांनी कान सोडला नाही, आणि हळू आवाजात म्हणाले,

"हिला खिडकीशी बसू देऊ नकोस."

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं असणार. मलाच वाटत होतं की मी कुणाला दिसत नाही.

जेवणाला जिलबी होती, मसालेभात होता, आणि ओल्गाबाईंच्या मैत्रिणींनी केलेले बटाट्याचं सारण भरलेले, उकडीच्या करंजीसारखे दिसणारे पेरोगी होते. मामांनी पेरोगीवर साखरेचा पाक घेतला. ओल्गाबाईंनी मसालेभातावर साय घेतली. कुणी व्हायोलिन आणलं होतं, ते वाजायला लागलं, आणि माणसं नाचायला लागली. साठ माणसं, पेटलेली शेगडी आणि खाली उतरवलेलं छत. बायकांनी स्वेटर काढले, पुरुषांनी कोट काढले. मामांनी गांधीटोपी काढली, कानटोपी काढली, आणि गांधीटोपी तेवढी परत घातली. शेवटी लिमयेवहिनी म्हणाल्या की मला घेरी येईल, जरा वारा येऊ द्या. बोइचुकांना एवढा आनंद आयुष्यात झाला नसेल. त्यांचं गॅरेज, माघातल्या थंडीत, आणि माणसं वारा मागताहेत. त्यांनी कनात बाजूला सारली आणि ट्रॅक्टरमागचं मोठं दार खाडकन वर ढकललं.

आतली गरम, दमट हवा बाहेरच्या उणे पस्तिसात गेली आणि तिचा पांढरा लोट झाला. घराएवढा, मग घराहून उंच. माळांच्या दिव्यांनी तो आतून लालसर दिसत होता. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजीबाईंनी तो खिडकीतून पाहिला आणि टेलिफोन केला. पाच मिनिटांत गावाचा भोंगा वाजायला लागला.

मला वाटलं कुठं तरी काही झालं. बघते तर मांडवातली सात-आठ माणसं ताटं खाली ठेवून उठली आणि बाहेर पळाली. शाळेचा शिपाई, न्हावी, पोस्टमास्तर, व्हायोलिनवालासुद्धा. गावाचं अग्निशमन दल म्हणजे हीच माणसं. आग कुठं लागली म्हणून ती बंबाच्या ठाण्यावर धावली, तिथं पत्ता मिळाला बोइचुकांच्या गॅरेजाचा, आणि ती लाल बंब घेऊन, घंटा वाजवत, जिथून निघाली होती तिथंच परत आली. दारात उतरून एकमेकांकडे बघत राहिली. व्हायोलिनवाल्याच्या हातात अजून गज होता.

हसून हसून ओल्गाबाई गठ्ठ्यावर बसल्या. बोइचुक दारात गेले, बंबाभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाले की गाडी आता आणलीच आहे तर रिकामी परत नेऊ नका. आणि जयवंतांना विचारलं, तुमच्याकडे लग्नानंतर नवरीला गावातून मिरवतात ना?

वरात हा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता. तो त्यांनी विचारलाही नाही.

मला आणि जयवंतांना पुढं बसवलं, ड्रायव्हरच्या शेजारी. मामा कुणाचं न ऐकता मागच्या पायरीवर घंटेचा दोर धरून उभे राहिले, कुणीतरी दिलेला अग्निशामकाचा जाड कोट घालून. लिमयेकाका मागच्या मोटारीतून आले. बंब मुख्य रस्त्याला लागला आणि मामांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. घराघरांतले दिवे लागायला लागले. माणसं झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून दारात आली, आणि आग नाही, नवरानवरी आहे हे कळल्यावर हात हलवायला लागली. मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. माझ्या मांडीवर जयवंतांचा हात होता, लाकडं फोडून साली निघालेला. बोलायला पुष्कळ वर्षं होती.

गाव केवढंसं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागला नाही. धान्याच्या कोठारापाशी रस्ता संपला, पुढं नुसतं पांढरं माळरान. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि ठाण्याच्या दिशेनं निघाला. तेवढ्यात मामा पायरीवरून वाकले, काचेवर बोटं वाजवली आणि ओरडले,

"अहो, अजून एक चक्कर."

ड्रायव्हरला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण त्यानं मान डोलावली आणि गाडी पुन्हा गावात घातली.